कुंडीत हे काय उगवलंय? अनोळखी रोप ओळखण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की तेच तेच प्रश्न सुरू होतात. गच्चीवर, सोसायटीच्या बागेत, नर्सरीत, सकाळी फिरायला गेल्यावर सुद्धा, "ताई जरा हे बघा ना, काय आहे हे?" आणि पुढे केलेल्या मोबाईलवर एक हिरवा धूसर ठिपका असतो. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतेय. मी काही बॉटनीवाली नाही, बागेचं वेड असलेल्या मंडळींमध्ये वर्षानुवर्षं ऊठबस आहे एवढंच, त्यामुळे इथे जे आहे ते घरची बाग करणाऱ्यांच्या कामाचं आहे.

कुंडीत आपोआप काहीतरी उगवलंय. ठेवू का उपटून टाकू?

घाई नसेल तर ठेवा, निदान चार-सहा खरी पानं येईपर्यंत. खरी पानं म्हणजे काय, तर बी रुजल्यावर पहिली जी दोन पानं येतात ती बीजातलीच असतात, ती त्या झाडाच्या नेहमीच्या पानांसारखी दिसतच नाहीत. दुधी, काकडी, भोपळा, दोडका, टरबूज या सगळ्यांची पहिली दोन पानं जाड, लांबट गोल आणि जवळपास एकसारखी, तिथे भलेभले जाणकार पण नुसतं "काकडीच्या घरातलं दिसतंय" एवढंच सांगतात आणि ते बरोबरच आहे.

कंपोस्ट घातलेल्या कुंडीत उगवलं असेल तर आधी आपल्या स्वयंपाकघराकडे बघा, टोमॅटो, मिरची, पपई, भोपळा, चिंच, सीताफळ यातलंच काहीतरी असतं बहुतेक वेळा. कंपोस्ट घातलेलं नसेल आणि वर तार किंवा झाडाची फांदी असेल तर पक्ष्यांची कृपा, म्हणजे कडुनिंब, कढीपत्ता, पिंपळ, वड, उंबर, सिंगापूर चेरी. पिंपळ, वड, उंबर मात्र भिंतीच्या फटीत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात असेल तर नाव विचारत बसू नका, लहान असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागेत लावा, नंतर ते स्लॅब फोडून काढावं लागतं.

एक अपवाद. कोवळं असताना शेवंतीसारखी किंवा गाजरासारखी कातरलेली पानं, रोप जमिनीलगत पसरलेलं आणि नंतर बारीक पांढरी फुलं, हे गाजर गवत असू शकतं. काँग्रेस गवत म्हणतात तेच. मूळ अमेरिका खंडातलं, आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आता देशभर आहे. अंगाला खाज, पुरळ, काहींना दम्याचा त्रास. फूल यायच्या आत हातमोजे घालून उपटायचं. फुलावर आलेलं असेल तर कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, बी पडून पुढच्या वर्षी सगळीकडे तेच.

फोटो पाठवला तरी कोणी नाव सांगत नाही. असं का?

कारण फोटोत काही दिसत नाही हो. एका पानाचा फोटो टाकून नाव विचारणं म्हणजे नुसता कानाचा फोटो दाखवून हा माणूस कोण ते विचारण्यासारखं आहे. ओळखणाऱ्याला काय काय बघायचं असतं ते सांगते. पूर्ण रोप, थोडं लांबून, म्हणजे वेल आहे का झुडूप आहे का जमिनीवर पसरलंय ते कळतं. पान वरून आणि पान उलटं करून, कारण खालच्या बाजूची लव, शिरा, रंग यावर बरंच अवलंबून असतं. खोडाचा तो भाग जिथून पान फुटतं, हा फोटो कोणी म्हणजे कोणीच काढत नाही आणि तोच सगळ्यात कामाचा असतो. फूल असेल तर समोरून आणि बाजूने, नुसतं समोरून नको, मागचा देठाचा हिरवा भाग पण आला पाहिजे. फळ किंवा शेंग असेल तर ती, आणि एखादी उघडून आतली बी.

प्रकाश सकाळचा किंवा ढगाळ दिवसाचा. भर दुपारी उन्हात पांढरी फुलं नुसती चकाकतात, पाकळ्या वेगळ्या दिसत नाहीत. बारीक फूल असेल तर मागे आपला तळहात धरा म्हणजे फोकस फुलावर बसतो, मागच्या भिंतीवर जात नाही. शेजारी पेन किंवा नाणं ठेवा, मापाचा अंदाज येतो. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि बारीक लव वगैरे सगळं गायब. आणि फिल्टर नको!! हिरवं जास्त हिरवं करून पाठवलेले फोटो येतात, त्यात पोपटी पान कोणतं आणि गडद कोणतं ते कळतच नाही.

फोटोबरोबर अजून काय सांगायचं?

कुठे आहे ते सगळ्यात आधी. गाव किंवा निदान भाग, कोकण, घाटमाथा, देश, विदर्भ. रत्नागिरीत परसदारी उगवणारी रोपं आणि सोलापुरात बांधावर उगवणारी रोपं यात फार फरक असतो. मग लावलंय का आपोआप आलंय, ऊन किती, साधारण उंची, फूल सकाळी उमलतं का संध्याकाळी. गुलबक्षीचं उदाहरण घ्या, दुपारी फोटो काढला तर मिटलेली फुलं येतात आणि लोक काहीही नावं सांगतात, तेच तुम्ही "चार-पाच वाजता उमलतं आणि खाली मिऱ्याएवढी काळी बी पडते" असं लिहिलंत तर फोटो न बघता पण उत्तर मिळेल. (ती बी विषारी असते बरं का, लहान मुलं तिच्याशी खेळतात.)

वास आणि चीक या दोन गोष्टी फोटोत येत नाहीत म्हणून त्या लिहायलाच हव्यात. पान चुरगाळून वास घ्या, देठ मोडून पांढरा चीक येतो का बघा. चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही, हात लगेच धुवायचे. चौकोनी खोड, पानं समोरासमोर आणि चुरगाळल्यावर वास, तिन्ही असेल तर तुळस-पुदिन्याच्या घराण्यातलं असण्याची शक्यता खूप. पांढरा चीक असेल तर घराणी वेगळी, तिथे वड, रुई, कण्हेर, शेर अशी मंडळी येतात.

"पानं समोरासमोर आहेत का?" असं विचारतात, ते कसं बघायचं?

खोडावर एका ठिकाणाहून दोन पानं दोन बाजूंना निघाली तर समोरासमोर, एक इकडे मग थोडं वर दुसरं तिकडे असं असेल तर एकाआड एक. सोपं आहे. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी, पान कोणतं आणि पानाचा तुकडा कोणता. कढीपत्त्याची जी आपण काडी म्हणतो ना, ती पूर्ण काडी म्हणजे एक पान आणि त्यावरची बारीक पानं म्हणजे त्याच्या पर्णिका. ओळखायचं कसं, तर बगलेत बघायचं. पानाच्या देठाच्या बगलेत, म्हणजे खोडाला चिकटतो तिथे, एक बारीकसा डोळा असतो ज्यातून पुढे फांदी फुटते. पर्णिकेच्या बगलेत तो नसतो. शेवगा, कडुनिंब, चिंच, गुलाब सगळ्यांना हाच नियम. हे एकदा जमलं की निम्मी ओळख तिथेच होते, मी तर नवीन येणाऱ्यांना आधी कढीपत्त्याची फांदी हातात देते.

मोबाईलच्या ॲपवर लगेच नाव येतं. मग माणसांना कशाला विचारायचं?

ॲप वापराच, मी पण वापरते, गूगल लेन्स असो की प्लांटनेट. फुलावर आलेली नेहमीची बागेतली झाडं ते छान ओळखतं. जास्वंद, बोगनवेल, सदाफुली यासाठी कोणाला त्रास द्यायची गरज नाही. पण नुसती पानं असलेलं कोवळं रोप, गवतं, पावसाळी रानरोपं, एकाच घराण्यातली सारखी दिसणारी भावंडं, इथे ते गडबडतं, आणि गडबडलं तरी तितक्याच ठामपणे नाव सांगतं हा खरा प्रॉब्लेम आहे. त्याच रोपाचे दोन वेगळे फोटो टाकून बघा, दोन्हीला एकच नाव आलं तर थोडा विश्वास ठेवा.

माणूस काय करतो, तो उलट विचारतो. चीक आहे का, कुठून आणलं, शेंग आली का. आणि तुम्ही त्याला "कशावरून?" विचारू शकता. हे विचारायची लाज वाटून घेऊ नका, उलट मी तर म्हणते नावापेक्षा ते जास्त महत्त्वाचं. "हे घोळ आहे" (घोळ म्हणजे ती जमिनीवर पसरणारी भाजी) एवढंच कोणी सांगितलं तर तुम्हाला एक नाव मिळालं, पण "खोड गुळगुळीत लालसर मांसल आहे, पान जाड आहे, मोडल्यावर पाणी येतं चीक येत नाही, म्हणून घोळ" असं सांगितलं तर पुढच्या वेळी तुम्ही स्वतःच ओळखाल. आणि ज्याला कशावरून ते सांगता येत नाही तो अंदाज करतोय असं समजायचं. अंदाज करायला हरकत नाही, फक्त तसं म्हणायचं.

चार जण चार नावं सांगतात. कोणाचं खरं?

बऱ्याचदा चौघांचंही! ब्राह्मी घ्या. तेलात घालायला बऱ्याच घरी जी ब्राह्मी आणतात ती गोलसर, किडनीच्या आकाराच्या, कडेला कातरलेल्या पानांची, जमिनीवर धावत जाणारी, ती मंडूकपर्णी. आणि पुस्तकातली दुसरी ब्राह्मी, जाड लहान लांबट पानांची, पाणथळ जागी वाढणारी, फिकट जांभळट पांढरं फूल येणारी, ती नीरब्राह्मी. दोन्ही वेगळ्या, घराणं पण वेगळं, पण दोन्हीला ब्राह्मी म्हणणारे लोक आहेत आणि दोघंही ठाम. शंखपुष्पीचं तर विचारूच नका, कोणी निळी विष्णुक्रांता दाखवतं, कोणी जमिनीलगतची पांढरट फुलांची दाखवतं, कोणी सरळ गोकर्णाचा वेल.

ओव्याचं झाड म्हणून जे कुंडीत असतं, जाड लवदार पानांचं, ज्याची भजी करतो, त्याला मसाल्यातला ओवा कधीच लागणार नाही. मसाल्यातल्या ओव्याची पानं शेपूसारखी बारीक असतात. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "ओव्याला बी कधी येईल?"

आणि मनी प्लांट. आपल्याकडे मनी प्लांट म्हणजे तो बाटलीत पण वाढणारा वेल, पण परदेशातल्या बहिणीला विचाराल तर ती वेगळंच झाड दाखवेल, तिकडे जेड, पायलिया, पचिरा अशा कशाकशाला मनी प्लांट म्हणतात. आपल्याच मनी प्लांटला मोठ्या झाडावर चढू दिलं की वर गेल्यावर पानं हातभर मोठी होतात, कडेने चिरतात सुद्धा, मग लोक येऊन सांगतात झाडावर मॉन्स्टेरा चढलाय. खालून वर नजर नेत जा, खालची पानं लहान आणि नेहमीचीच दिसतील.

म्हणजे शास्त्रीय नाव पाहिजेच का?

भांडण मिटवायला पाहिजे. रोजच्या बोलण्यात नको, "ताई तुमचं ओसिमम टेन्युइफ्लोरम छान वाढलंय" असं तुळस बघून कोण बोलणारे. पण बी मागवताना, औषधासाठी म्हणून काही लावताना किंवा कोणी परप्रांतातून विचारत असेल तेव्हा दोन शब्दांचं ते नावच कामाला येतं. ही दोन शब्दांची पद्धत लिनियसने १७५३ पासून रुळवली, पहिला शब्द साधारण आडनाव आणि दुसरा त्याचं स्वतःचं. ही नावं पण बदलतात हे मात्र लक्षात ठेवा. स्नेक प्लांट आधी सान्सेव्हिएरा होतं, आता त्याला ड्रसीनामध्ये घातलंय. त्यामुळे जुन्या पुस्तकात एक आणि नव्या लेबलवर दुसरं दिसलं तर लगेच कोणाला चुकीचं ठरवू नका.

कधी कधी फक्त आडनावापर्यंतच पोचता येतं, "अमुक जातीतलं काहीतरी" असं उत्तर मिळतं. ते प्रामाणिक उत्तर आहे. नर्सरीतल्या संकरित जास्वंदी, क्रोटन, ॲग्लोनेमा यांचं नेमकं वाणाचं नाव फोटोवरून सांगणं बहुतेक वेळा शक्यच नसतं.

जाई, जुई, कुंद, मोगरा, सगळी पांढरी आणि सगळी वासाची. फरक कसा ओळखायचा?

माझा आवडता प्रश्न! फूल नसताना सुद्धा ओळखता येतात, पानं बघायची.

मोगऱ्याचं पान साधं, एकच, रुंद, समोरासमोर. कुंदाचं पण साधं एकच, पण फांद्यांना आणि पानांना मऊ लव, फुलं थंडीच्या सुमारास झुपक्याने आणि वास जवळजवळ नाहीच किंवा अगदी मंद. जाईचं पान संयुक्त, एका काडीवर पाच-सात किंवा जास्त पर्णिका, टोकाची सगळ्यात मोठी. आणि जाईची कळी हातात घेऊन बघा, बाहेरून गुलाबी झाक असते, उमललं की वरून पांढरं आणि पाकळीच्या पाठीला ती गुलाबी रेघ राहते. जुईचं पान गमतीशीर, बघताना एकच पान वाटतं पण देठाजवळ दोन्ही बाजूंना अगदी चिमुकली पर्णिका चिकटलेली असते, कानासारखी. भिंग नको, नुसतं पान उजेडात धरलं तरी दिसतं. काही पानांवर ती गळून गेलेली असते म्हणून चार-पाच पानं बघायची.

पारिजातक पण पांढरा, पण त्याचा देठ केशरी, शिवाय पान हाताला सँडपेपरसारखं खरखरीत लागतं आणि कोवळी फांदी चौकोनी. तगर आणि अनंत या जाईच्या घराण्यातल्या नाहीतच. तगर मोडली की पांढरा चीक येतो, जाई-मोगऱ्याला येत नाही.

अळू आहे का शोभेचं काहीतरी? वड्या करायच्या आहेत.

वड्या करायच्या आधी विचारलंत ते फार बरं. देठ पानाला कुठे चिकटलाय ते बघा. आपल्या अळूचा देठ पानाच्या कडेला नसतो, खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीवर चिकटतो. वरून बघितलं तर तिथे एक ठिपका दिसतो. पानावर पाणी टाकलं की ते थेंब होऊन घरंगळतं, पान भिजत नाही. शोभेच्या बऱ्याच अलोकेशियांमध्ये आणि झँथोसोमामध्ये देठ बरोबर खाचेत, कडेला येतो, पानं पण जास्त चकचकीत किंवा जाड शिरांची. पण एवढ्या एका खुणेवर खायचं धाडस करू नका, ओढ्याकाठचं रानअळू सुद्धा अगदी तसंच दिसतं आणि घसा असा धरतं की विचारू नका. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात पानात, म्हणून तर आपण चिंच, आमसूल घालून नीट शिजवतो. बाजारातून आणलेल्या किंवा ओळखीच्या घरातल्या कंदापासून लावलेलं असेल तरच वड्या.

हे खाता येईल का? आजी म्हणते ही रानभाजी आहे.

आजीने स्वतः बघितलंय का फोटोवरून सांगितलंय, हा माझा पहिला प्रश्न. आजी समोर बसून, हातात घेऊन, वास घेऊन सांगत असेल तर तिच्याइतकं माहितगार कोणी नाही. फोटोवरून कोणीही सांगितलं, अगदी मी सांगितलं, तरी खायचं नाही. सरळ नियम.

जोड्या सांगते ज्यात लोक फसतात. टाकळ्याच्या एका पानाला साधारण तीन जोड्या पर्णिका, टोकाला गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकदार आणि चुरगाळल्यावर उग्र वास, त्याच्या बिया विषारी. दोन्ही पावसाळ्यात एकाच बांधावर शेजारी शेजारी उगवतात. घोळ आणि नायटी, दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हीचं खोड लालसर, पण नायटी मोडली की लगेच पांढरा चीक. कुली म्हणजे फोडशी आणतात तेव्हा गवतासारखी लांब पानं सगळीच सारखी वाटतात, आणि त्याच दिवसांत कळलावी पण जमिनीतून वर येते. कळलावीच्या पानाचं टोक पुढे बारीक होऊन दोऱ्यासारखं वळतं, त्याने ती आधार धरून चढते. फूल आलं की प्रश्नच नाही, आधी पिवळं मग लाल, ज्वाळांसारखं उलटं वळलेलं. दिसायला इतकी सुंदर आणि कंदापासून बीपर्यंत जहाल विषारी. कोवळी असताना ते टोकाचं वळण अजून आलेलं नसतं, म्हणून कोवळा कोंब बघून भाजी खुडायची नाही.

आपोआप उगवलेल्या वेलीला दुधी लागला, काकडी लागली तर? शिजवायच्या आधी अगदी लहान तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका आणि सगळंच फळ टाकून द्या, "थोडं मीठ लावून बघू" नको. कडू दुधीचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडलेत, जीव पण गेलेत. हा जिभेचा प्रयोग फक्त दुधी-काकडी असल्याची खात्री असेल तेव्हाच, अनोळखी रोपावर कधीच नाही.

मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाब, अशा बातम्या आपल्याकडे येत असतात. कुंपणाला मोगली एरंड, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, गुंज यातलं काही असेल तर मुलांना दाखवून नाव पाठ करून घ्या. कोणी काही खाल्लंच तर नाव ओळखायला थांबायचं नाही, १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा आणि त्या झाडाची फांदी पिशवीत घालून बरोबर न्यायची.

माझ्याकडे वेलदोड्याचं झाड आहे पण वेलदोडे येत नाहीत. का?

कारण बहुतेक ते वेलदोड्याचं नाहीच. आल्याच्याच घराण्यातली अल्पिनिया म्हणून झाडं आहेत, पानाला वेलचीसारखा वास येतो म्हणून नर्सरीत वेलदोडा सांगून खपतात. फूल कुठे येतं बघा. अल्पिनियाचा तुरा पानांच्या दांड्याच्या शेंड्याला येतो. खऱ्या वेलदोड्याला फुलं खाली जमिनीलगत, बुंध्यापासून निघणाऱ्या वेगळ्या दांड्यांवर येतात आणि वेलदोडे पण तिथेच धरतात. फूलच आलं नसेल तर वाट बघा.

जमिनीतून नुसतं फूल वर आलंय, पान एकही नाही!

घाबरू नका, मे-जूनमध्ये हे होतंच. लाल, गोल, झुपकेदार चेंडू असेल तर फुटबॉल लिली, मे फ्लॉवर पण म्हणतात. जांभळट पांढरं, नाजूक, वासाचं आणि थेट मातीतून आलेलं असेल तर भुईचाफा. उंच जाडसर दांडा आणि कोकणात किंवा घाटाजवळ असाल तर शेवळ, म्हणजे सुरणाचाच भाऊबंद, ज्याची भाजी काकड नावाच्या झाडाच्या फळांबरोबर करतात. तिन्हींची पानं मागून येतात. फूल गेल्यावर कुंडी रिकामी समजून माती उकरून टाकू नका.

पानं औषधी आहेत का? कशावर चालतात?

हा प्रश्न ओळख पटवायला विचारू नका आणि कोणी सांगितलं तरी नका घेऊ. रोपाचा फोटो टाकला की नावाच्या आधी "शुगरवर उत्तम" असं उत्तर येतं हे मला आजवर न उलगडलेलं कोडं आहे. वैद्यांकडे जा.

नर्सरीवाल्याने नाव सांगितलं ते धरून चालू का?

धरा, पण पेन्सिलने लिहा. नर्सरीवाले दादा लोक मेहनती असतात, पण शेकडो रोपं बाहेरून ट्रकने येतात आणि नावं विकायच्या सोयीची असतात. "इम्पोर्टेड आहे", "लकी आहे", "ऑक्सिजन जास्त देतं" ही काही नावं नव्हेत. डिफेनबेकियासारखं घरात ठेवायचं रोप घेताना मुलं किंवा मांजर असेल तर मुद्दाम विचारा, त्याचं पान चावलं तर तोंड, जीभ सुजते.

कोणालाच ओळखता येत नाहीये. आता?

फुलाची वाट बघा, हेच नव्वद टक्के वेळा उत्तर असतं. वर्षभर थांबावं लागलं तरी थांबा. दर महिन्याला एक फोटो काढून ठेवा, पानगळ झाली का, शेंग आली का. तरी नाहीच जमलं तर फूल-फळासकट एक छोटी फांदी वर्तमानपत्राच्या घडीत, जड पुस्तकांखाली दाबून वाळवा, कागद रोज बदलायचा नाहीतर बुरशी येते. कागदावर तारीख, ठिकाण, फुलाचा ताजा रंग आणि उंची लिहा, वाळल्यावर रंग जातो. असा नमुना जाणकारांना दाखवता येतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम (म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग. कोकणात असाल तर दापोलीचं कृषी विद्यापीठ. आधी फोन किंवा मेल करून विचारा, एका कुंडीतल्या तणासाठी थेट जाऊन उभं राहू नका. आणि जवळच्या कॉलेजातले बॉटनीचे सर किंवा मॅडम, त्यांना कोणी विचारतच नाही, विचारलं तर खूश होतात.

फिरायला गेलो तिथून ओळखायला म्हणून रोप उपटून आणलं तर चालतं का?

नाही. फोटो काढा. अभयारण्यातून, राखीव जंगलातून रोप आणणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कासच्या पठारावर, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, तिथली बरीच फुलं पातळ मातीच्या थरावर, विशिष्ट पावसात वाढणारी आहेत, आपल्या कुंडीत ती जगणारच नाहीत. फोटोसाठी पण फुलांवर झोपायचं नाही, हे सांगावं लागतं.

हात लावून बघायला भीती वाटते. कशापासून लांब राहू?

खाजकुइलीच्या शेंगा, सोनेरी तपकिरी मखमली लव असलेल्या, त्यांच्या वाऱ्याला सुद्धा उभं राहू नका. बिब्ब्याच्या झाडाचा रस अंगावर फोड आणतो. शेर, निवडुंग, रुई यांचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. आणि अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आईबाबांसाठी खास, मागच्या अंगणात कुंपणाला तीन-तीन पानांचा वेल दिसला तर आपल्याकडच्या सवयीने तण म्हणून हाताने उपटू नका, ती अंगाला पुरळ आणणारी पॉयझन आयव्ही असू शकते. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच घराण्यातली आहे, ज्यांना आंब्याच्या चिकाने तोंडाला पुरळ येतं त्यांनी तर जास्तच जपायचं.

नाव कळलं. आता काय?

ज्याने सांगितलं त्याला फूल आल्यावर फोटो पाठवा, बरोबर होतं का नव्हतं ते त्यालाही कळू दे. कुंडीत पट्टी खोचा, त्यावर नाव, कोणी ओळखलं आणि कशावरून ते लिहा. मार्करने लिहिलेलं उन्हात दोन-तीन महिन्यांत उडतं, साध्या शिसपेन्सिलीने प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्टीवर लिहिलेलं पावसाळा काढतं. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून पट्ट्या छान होतात.